अकरा महिन्यांचे सर

जिमखान्याच्या भिंतीवर नवा कागद नुकताच डकवला होता. खळ अजून ओली होती आणि खालचा टाइप केलेला जुना कागद तिच्यातून अर्धवट दिसत होता. जुन्या कागदाप्रमाणे आमची पहिली मॅच सकाळी नऊला होती आणि जिंकलो तर सेमीफायनल दुसऱ्या दिवशी. नव्या कागदावर निळ्या शाईने लिहिलं होतं, पहिली नऊला, सेमीफायनल साडेअकराला. आणि सेमीफायनलला समोर नेवरगाव.

मी ते नाव दोनदा वाचलं. मग आमच्या हराळ सरांना हाताला धरून भिंतीपाशी आणलं.

हराळ सर आमचे पाचवे. कासारदरीच्या कॉलेजात येऊन त्यांना एकोणीस दिवस झाले होते. माणूस खो-खोचा. बास्केटबॉलमध्ये किती फाउलला बाहेर जायचं हेसुद्धा येताना एसटीत त्यांनी मलाच विचारलं होतं, कारण मी कॅप्टन. पण भांडायला ते घाबरत नसत. तडक स्पर्धेच्या सचिवांकडे गेले. कुलट सर म्हणून होते, कडुनिंबाखाली टेबल टाकून बसले होते.

"सर, एका दिवसात दोन मॅच? माझ्या सहाच पोरी आहेत."

"मग जास्त आणायच्या."

"बाकीच्यांचं प्रॅक्टिकल आहे. तुम्हीच तारखा तशा काढल्यात."

"हे बघा हराळ," कुलट सर म्हणाले, "बक्षिसाला पाहुणे उद्या येणार होते, ते आज येतायत. चार वाजता. त्याच्या आत मला फायनल उरकायची आहे. दोन दिवसांचं एका दिवसात बसवायचं तर गट मोडावेच लागतात. त्या नेवरगावच्या साळव्यांनी तर लेखी दिलं होतं, कासारदरीशी आमची गाठ घालू नका म्हणून. त्यांचं ऐकलं नाही, तर तुमचं कुठं ऐकू?"

हराळ सर परत फिरले. मी तिथेच उभी राहिले.

लेखी दिलं होतं. साळवे सरांनी.

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ते आपल्या मुलींना पळवत होते. निळी ट्रॅक पँट, गळ्यात शिट्टी, आणि तीच सवय, शिट्टी न वाजवता नुसती बोटांनी फिरवत राहायची. त्यांनी एकदा आमच्या घोळक्याकडे पाहिलं. सहाही जणींना ओळखलं असणार, सहाही जणींना त्यांनीच शिकवलं होतं. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

इम्मानुएल साळवे हे आमचे पहिले सर. मिशन कंपाउंडमध्ये वाढलेले, लहानपणापासून तिथल्या सिमेंटच्या कोर्टवर खेळलेले. आमच्या कॉलेजात ते अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आले, तेव्हा तिथे बास्केटबॉलचे दोन खांब होते आणि त्यांवर वाळत घातलेली शिपायाची धोतरं. काही महिन्यांत त्यांनी आमची टीम उभी केली. मी तेव्हा ट्रकच्या बॉड्या वेल्डिंग करणाऱ्याची दांडगी पोरगी, पाच फूट नऊ इंच, कुणाशीही मारामारीला तयार. त्यांनी मला रिंगखाली थांबायला शिकवलं. उडी मारायची, समोरचीला वर जाऊ द्यायची, हवेत अर्धा क्षण थांबायचं आणि डाव्या हाताने टाकायचं. "थांब, मग," एवढंच ते ओरडायचे.

मग ते गेले. का गेले ते अख्ख्या कासारदरीला ठाऊक होतं. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या रणधीर रोज संध्याकाळी बुलेट कोर्टच्या मधोमध आणून लावायचा आणि तीवर बसून आम्हाला बघायचा. काढ म्हटलं तर हसायचा. एक दिवस त्याने आमच्या मंगल कडूची वेणी धरून तिला बुलेटवर ओढली. त्या संध्याकाळी साळवे सरांनी चेंडूत हवा भरायच्या लोखंडी पंपाने त्याचं नाक आणि गालफड फोडलं. अध्यक्षांनी पोलीस बोलावले नाहीत, इभ्रतीचा प्रश्न. सरांना तासाभरात काढलं. आठवड्याने कळलं, ते नेवरगावच्या कॉलेजात लागले.

त्यानंतर दीड वर्षात आम्हाला चार सर झाले. एक इतिहासाचे, त्यांना धाप लागायची. एक माजी सैनिक, ते नुसते दंड काढायला लावायचे. एक बाई आल्या, त्यांची तीन महिन्यांत बदली झाली. आणि हे हराळ सर. प्रत्येक जण आधीच्याचं पुसून नवं शिकवायचा. आम्ही मान डोलावायचो आणि कोर्टवर गेलं की साळवे सरांचंच खेळायचो.

पहिली मॅच आम्ही अकरा गुणांनी जिंकलो. सहाव्या पोरीला, मंगलला, बदली म्हणून दोनदाच आत घेतलं. बाकी पाच जणी जवळजवळ पूर्ण वेळ. सिमेंट तापायला लागलं होतं. माझा गुडघा सोलला होता आणि रक्त मोज्यापर्यंत आलं होतं. पुसून परत उभं राहायला तासभर मिळाला. नेवरगावच्या बारा जणी होत्या आणि त्यांची पहिली मॅच समोरचा संघ न आल्याने झालीच नव्हती.

साडेअकराला चेंडू उडाला.

त्यांची पाच नंबरची मुलगी, कल्याणी दुशिंग, माझ्यापेक्षा बोटभर उंच असेल. बारीक, शांत, तोंडातून शब्द नाही. तिसऱ्याच मिनिटाला तिला रिंगखाली चेंडू मिळाला. मी वर गेले. ती हवेत थांबली. मी खाली यायला लागले तशी तिने डाव्या हाताने अलगद टाकला.

"थांब, मग," साळवे सर बाकावरून ओरडले होते.

मला वाटलं, मलाच. माझं अंग त्या आवाजाला अजून ऐकत होतं. मी खरंच थांबले होते, आणि म्हणूनच ती टाकू शकली.

पुढची पंधरा मिनिटं मी काय खेळले ते मला नीट सांगता येणार नाही. तिला ढकललं, एक फाउल. तिच्या पायावर पाय दिला, पंचाला दिसलं नाही. बरगडीत कोपर घातलं, दुसरा फाउल. तिने वळून पाहिलं आणि परत आपल्या जागी गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या बनियनला धरून तिला खाली आपटलं तेव्हा तिसरा फाउल मिळाला. तिच्या तळहाताची साल निघाली. ती उठली, हात शॉर्टला पुसला आणि दोन्ही फ्री थ्रो टाकले. आमच्या पोरींनाही चेव चढला होता. मंगलने त्यांच्या एकीचं बोट पिरगाळलं, त्यांच्या एकीने आमच्या सुरेखाच्या नडगीवर लाथ घातली. बाहेर नेवरगावहून दोन जीप भरून पोरं आली होती, ती शिव्या द्यायला लागली.

हाफटाइमला मी नळावर तोंड धूत होते. साळवे सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. दीड वर्षाने पहिल्यांदा बोलले.

"वाकचौरे, कोपर खाली ठेव. कुणाचं तरी वाईट होईल."

"तुमच्या पोरीला सांगा."

"ती काही करत नाहीये."

"मला माहितीये," मी म्हणाले. "तिला कधी शिकवलंत?"

त्यांनी शिट्टी बोटांनी फिरवली.

"आमच्याशी खेळायचं नाही असं लेखी दिलंत म्हणे."

"दिलं होतं," ते म्हणाले आणि निघून गेले.

हराळ सरांनी आम्हाला गोल उभं केलं. सहा गुणांनी मागे होतो. "त्या पाच नंबरचीला वर जाऊ देऊ नका," ते म्हणाले. "पाडा, काय करायचं ते करा." ते सांगतात म्हणून मी केलं असं नाही. मी ठरवूनच आले होते नळावरून.

दुसऱ्या हाफची चार मिनिटं झाली होती. चेंडू तिच्याकडे आला. ती उडाली. मीही उडाले, पण मी चेंडूकडे बघत नव्हते. मला माहीत होतं ती हवेत कुठे थांबणार. त्या जागी मी उजवं कोपर पूर्ण जोर लावून फिरवलं.

आवाज आला. वाळकं लाकूड गुडघ्यावर मोडल्यासारखा. ती खाली आली ती पायांवर आलीच नाही, कुशीवर पडली आणि डोकं सिमेंटवर आदळलं. तिचं तोंड एका बाजूला गेलं होतं. खालचा जबडा चेहऱ्याच्या मधोमध उरला नव्हता. तिने बोलायचा प्रयत्न केला तर रक्त आलं आणि रक्ताबरोबर दोन दात. तिने ते हातात घेतले आणि मुठीत धरले.

मग सगळं एकदम झालं. जीपमधली पोरं कोर्टवर घुसली. कुणीतरी मला मागून केसांना धरून खाली पाडलं, पोटात बूट बसला. मंगल माझ्यावर आडवी पडली तर तिलाही तुडवलं. हराळ सरांना दोघांनी धरून तिसऱ्याने हाणलं. पंच गुणतक्त्याचं टेबल सोडून पळाला. लोखंडी खुर्ची माझ्या उजव्या खांद्यावर बसली आणि तो हात बधिर झाला. तेवढ्यात कुणीतरी मला काखेत धरून ओढत नेलं, एका खोलीत ढकललं आणि आतून कडी घातली.

ती सामानाची खोली होती. भाले, थाळ्या, मैदान आखायच्या फक्कीची पोती. साळवे सर दाराला पाठ लावून उभे होते. त्यांच्या भुवईवरून रक्त येत होतं. बाहेरून दारावर लाथा बसत होत्या.

"पोलीस येतील," ते धापा टाकत म्हणाले. "ऐक. चेंडू लागला म्हणायचं. दोघी एकदम वर गेलात, चेंडू मध्ये आला. मी बाकावरून पाहिलं. मी तसंच सांगेन."

"तुमचीच पोरगी आहे ती."

"तिचा जबडा बसेल. तुझं आयुष्य बसणार नाही. मी सांगतो, तू गप्प राहा."

हे त्यांच्या तोंडून मी दुसऱ्यांदा ऐकत होते. रणधीर रक्तात लोळत होता त्या संध्याकाळीही ते असंच म्हणाले होते. मी सांगतो, तू गप्प राहा. आणि माझ्या हातातला पंप त्यांनी स्वतःच्या हातात घेतला होता.

रणधीरला मी मारलं होतं. मंगलची वेणी त्याच्या मुठीत होती आणि मी त्याच्या तोंडावर तीनदा पंप घातला. सर तेव्हा कोर्टवर नव्हतेच, ऑफिसात होते, आरडाओरडा ऐकून आले. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मी मारलं." रणधीरनेही तेच सांगितलं, कारण पोरीच्या हातून नाक फुटलं असं तो सांगणार नव्हता. दीड वर्ष मी गप्प होते. माझ्यामुळे सरांची नोकरी गेली, माझ्यामुळे टीम उघडी पडली, या ओझ्याने मला नीट जेवण जायचं नाही. आणि त्याहून आत कुठेतरी राग होता. मारलं मी होतं. ते माझं होतं.

"यावेळी नाही," मी म्हणाले. "हिला मी मारलं. आणि रणधीरलाही मीच मारलं होतं, हे पण मी सगळ्यांना सांगणार. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली, ते तरी फिटेल."

सर दारापासून बाजूला झाले. मग पोत्यावर बसले. भुवईचं रक्त त्यांनी शर्टाच्या बाहीने टिपलं.

"नोकरी तुझ्यामुळे गेली नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"माझे अकरा महिने संपत आले होते. संस्था परत घेणार नव्हती, अध्यक्षांनी तोंडावर सांगितलं होतं. नेवरगावची ऑर्डर त्या दिवशी माझ्या खिशात होती. सोमवारी जाणारच होतो. तुम्हाला कसं सांगावं ते कळत नव्हतं. तू त्याला मारलंस आणि मला जायला कारण मिळालं. चांगलं कारण. गावात अजून लोक नाव काढतात. म्हणून लेखी दिलं, की तुमची गाठ नको. तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती."

दारावरच्या लाथा थांबल्या होत्या. बाहेर एक बाई मोठ्याने काहीतरी विचारत होती.

मी त्यांच्या थोबाडीत मारली. डाव्या हाताने, कारण उजवा उचलत नव्हता. त्यांनी चेहरा फिरवला नाही. मी कडी काढली.

समोर पंधरा-वीस पोरं होती. मी म्हणाले, "मी मारलं. मुद्दाम मारलं." पहिला ठोसा कानावर बसला, दुसरा बरगडीत. मी हात वर केले नाहीत, आणि ते शौर्य नव्हतं, उजवा वर जातच नव्हता आणि डाव्यातला जोर संपला होता. मग तीच बाई पोरांना बाजूला सारत आली. हिरवं लुगडं, पुढचा पदर रक्ताने भिजलेला. कल्याणीची आई. लेकीचा खेळ पहिल्यांदाच बघायला एसटीने आली होती, हे मला नंतर कळलं.

"तू व्हय ती?"

"हो."

"चुकून लागलं असं तो पंच सांगतोय."

"चुकून नाही. ती कुठं थांबणार ते मला माहीत होतं. तिथं मारलं."

तिने हात उगारला असता तर मला सोपं गेलं असतं. "मला कशाला सांगती," ती म्हणाली. "माझं दात पडलं का? तिला सांग जाऊन."

पुढचं थोडक्यात सांगते. फायनल झाली नाही. पाहुणे चारला आले आणि कबड्डीच्या मुलांना बक्षिसं देऊन गेले. कुलट सरांनी अहवालात लिहिलं की वेळापत्रक उभय संघांच्या संमतीने बदललं होतं. मला विद्यापीठाने तीन वर्षं बंदी घातली, म्हणजे कायमचीच. हराळ सरांची ऑर्डर पुढे वाढली नाही, साळवे सरांचीही नेवरगावला वाढली नाही. ते पुढे कुठे गेले मी विचारलं नाही. रणधीरची गोष्ट मी कासारदरीत चौकात उभी राहून सांगितली. कुणाला पटली नाही. सरांना वाचवायला पोरगी काहीही बोलते, असं लोक म्हणाले. आजही तिथे विचाराल तर साळवे सरांचंच नाव सांगतील. मी आता स्वतः मुलींना शिकवते, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. हे माझं सातवं कॉलेज. दर वेळी जायची तारीख मी मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. काहींना ते आवडत नाही.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. उजवा हात गळ्यात होता आणि एक डोळा सुजून मिटला होता. कल्याणी खिडकीजवळच्या खाटेवर होती. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, वरचे खालचे दात तारेने एकत्र बांधले होते. चेहरा भोपळ्याएवढा झाला होता. आई स्टुलावर बसून तिला नळीने डाळीचं पाणी देत होती.

"आली बघ," आई तिला म्हणाली आणि स्टूल सोडून उठली.

मी खाटेशी उभी राहिले. वाटेत एसटीत बरंच जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"मी मुद्दाम मारलं," मी म्हणाले. "सर तुला जे शिकवत होते ते आधी मला शिकवलेलं. तू ते माझ्यापेक्षा चांगलं करत होतीस. मला ते बघवलं नाही. तू काही केलं नव्हतंस."

ती बघत होती. कोर्टवर बघायची तशीच, शांत. मग तिने हाताने खूण केली, जवळ ये. मी गेले. अजून खाली, तिने खूण केली. मी वाकले. मला वाटलं तिला काही सांगायचंय, तोंड उघडत नाही म्हणून कान जवळ हवाय.

तिने मला मारलं. डाव्या हाताने, मूठ आवळून, सरळ तोंडावर. झोपल्या झोपल्या इतका जोर कुठून आणला कोण जाणे. माझा ओठ दातांवर फाटला. तोल गेला, मी स्टुलावर आदळले आणि स्टुलासकट फरशीवर पडले. डाळीचं भांडं वॉर्डभर घरंगळत गेलं.

नर्स धावत आली. खाली मी, तोंडातून रक्त, आणि सगळीकडे डाळ.

"काय झालं? कुणी केलं हे?"

"काही नाही सिस्टर," आई घाईघाईने म्हणाली. "फरशी ओली होती. पोरगी घसरली."

खाटेवरून आवाज आला. तारेने बांधलेल्या दातांमधून, नुसता घशातून काढलेला, पण वॉर्डातल्या प्रत्येकाला कळेल असा.

"मी मारलं," कल्याणी म्हणाली.